सात नंबरचा झेंडा

त्या दिवशी लाल झेंडा मीच उपटला होता. वाऱ्यानं तो पडला नव्हता, जनावरानं पाडला नव्हता आणि आमचे झेंडे लावणाऱ्या सुमनआक्का तो लावायला विसरल्याही नव्हत्या. मी दोन्ही हातांनी धरून तो काळ्या मातीतून ओढून काढला, काठी गुडघ्यावर मोडून बांधाखाली फेकली आणि कापड गुंडाळून जीपच्या सीटखाली सारलं. पुढची चार वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

संपादकांनी माझ्याकडं खरं तर वेगळंच मागितलं होतं. "तुम्ही चिखलात गाडी चालवायला शिकवता, दिवाळी अंकासाठी काही गमतीजमती लिहा," असं ते म्हणाले. गमती आहेत, त्याही येतील. पण त्या लिहायला बसलो की प्रत्येक वेळी हात या झेंड्यापाशीच येऊन थांबतो. म्हणून तो आधी सांगून टाकला.

मी फौजेत वीस वर्षं ड्रायव्हर होतो. हवालदार होऊन परत आलो आणि पिरनवाडीला घर बांधलं. आता करायचं काय, या प्रश्नावर घरात बरीच चर्चा झाली. मेव्हण्याचं मत होतं, एखादी टेम्पो-ट्रॅव्हलर घ्यावी. मला येत होतं ते एकच काम. रस्ता नसलेल्या ठिकाणी गाडी न्यायची, आणि ती न मोडता, माणसं न मोडता परत आणायची. तेच शिकवायचं ठरवलं. "म्हणजे लायसनचा क्लास?" असं लोक विचारायचे. नाही म्हटलं की त्यांचा रस संपायचा.

हे काम नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो. हल्ली गावोगाव चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्या आल्या आहेत. माणूस एवढी मोठी गाडी घेतो आणि ती फक्त लग्नाला नेतो. वडगावचे एक मागवाले माझ्याकडं आले होते. घरात आठ पॉवरलूम, दारात नव्यासारखी जपलेली जीप. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या सीटांवर डागी निघालेल्या साड्यांचे तुकडे अंथरले होते. चारही चाकांना ताकद जोडणाऱ्या, गिअरशेजारच्या दुसऱ्या छोट्या दांड्याकडं बोट दाखवून मी विचारलं, "हा कधी वापरलाय का?"

"न्हाय ओ. तो मी स्पेअर समजत हुतो," ते म्हणाले. "ह्यो मोडला तर त्यो असावा म्हनून."

तीन वर्षं त्यांनी ती गाडी तशीच चालवली होती. संध्याकाळी चिखलातून वर आले तेव्हा साड्यांच्या तुकड्यांचा लगदा झाला होता आणि ते स्वतः लहान मुलासारखे हसत होते. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "हवालदार, गाडी हितंच धुवून द्या. अशीच नेली तर घरातली बाई दोघांनाबी आत घेनार न्हाय."

असे लोक हा आमच्या कामातला आनंदाचा भाग. पण पोट चालतं ते ज्यांना हे खरोखर लागतं त्यांच्यावर. पवनचक्क्यांवर चढणारे तंत्रज्ञ, जंगलाकडेच्या गावांत जाणारे ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, गुरांचे डॉक्टर. त्यांना पावसाळ्यात डोंगरावर जावंच लागतं.

या वर्गाचं खरं काम गाडी सुरू होण्याआधीच संपलेलं असतं. आदल्या दिवशी ट्रॅक आखायचा. गाडी जिथून जाणार तिथं दोन्ही बाजूंनी पांढरी फक्की टाकायची. सोप्या वळणावर हिरवा झेंडा, अवघडावर पिवळा, बंद वाटेवर लाल. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर मातीवर पसरून धरतो. ओढायचे पट्टे, लोखंडी कड्या तपासायच्या आणि अडकलेली गाडी बांधून ओढता येईल असं एक भक्कम झाड हेरून ठेवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायी फेरी. ज्या वाटेवर गाडी घालायची ती अख्खी वाट शिकवणाऱ्यानं वर्गाच्या दिवशी सकाळी स्वतः चालून बघायची. आदल्या संध्याकाळी बघितलेली चालत नाही. रात्रीत जमीन बदलते. हा नियम मी प्रत्येक वर्गात तीन भाषांत सांगायचो. मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत. आमच्या भागात बारा-चौदा माणसं जमली की तिन्ही लागतात.

माझं पहिलं मैदान पिरनवाडीच्या पुढं, तांबड्या मातीतलं. ही माती सरळ असते. ओली असली तर ओली दिसते आणि दोन दिवसांच्या उन्हात चांगली घट्ट होते. पुढं कोल्हापूरकडची माणसं यायला लागली, तेव्हा त्यांना जवळ पडावं म्हणून मी निपाणीच्या बाजूला जागा शोधायला गेलो. तिथं सगळी काळी माती. पहिल्याच दिवशी एका पडीक शिवारात माझी जीप अशी रुतली, की दार उघडलं तर ते जमिनीला टेकत होतं. वीस वर्षांची फौज आणि मी, दोघंही तिथं बसून राहिलो.

थोड्या वेळानं एक ट्रॅक्टर आला. पुढच्या पट्टीवर निळ्या अक्षरांत 'जय भीम', आणि चालवायला डोक्याला टॉवेल बांधलेली एक बाई. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी असावी. त्या सुमनआक्का. नवरा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला, त्याच्या पाठीचं दुखणं निघाल्यापासून ट्रॅक्टर यांच्याच हातात. आईबापांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तंबाखूत मजुरी केली. हे अडीच एकर आक्का आणि त्यांच्या नवऱ्यानं जोडलेलं.

मला वाटलं, आता साखळी लावून ओढतील. त्यांनी ट्रॅक्टर लांबच उभा केला, पहार घेतली आणि माझ्या जीपभोवती फिरत चार-पाच ठिकाणी ती जमिनीत दाबून बघितली. एका ठिकाणी ती हातभर आत गेली.

"ए, उतर खाली रं," त्या म्हणाल्या. "फौजेतला दिसतोस. बूट सांगत्यात."

"वरून तर सुकलेली होती," मी म्हणालो.

"ही माती अशीच. वरनं भाकरी, आतनं पिठलं. ती बघून कळत न्हाय, टोचून कळती."

पुढच्या महिन्यापासून त्यांच्याच पडीक तुकड्यावर माझा दुसरा ट्रॅक सुरू झाला आणि आखायचं काम आक्कांकडं आलं. त्यांनी निपाणीच्या बाजारातून लाल कापड आणून बारा झेंडे शिवले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं नंबर घातला. वर्ग संपला की बाराही झेंडे मोजून पेटीत. "एखादा ऱ्हायला शिवारात, तर उद्या कोनतरी भलत्याच वाटंनं भिऊन जाईल," असं त्या म्हणायच्या.

दोन वर्षांत मला कळून चुकलं, की काळ्या मातीचं मला काही येत नाही, आणि जे येतं ते आक्कांनी शिकवलेलं. मग मीच म्हणालो, "आक्का, काळ्या मातीचा भाग तुम्हीच शिकवा. प्रशिक्षक म्हणून."

त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पोरीची कोरी वही आणि पेन घेऊन आल्या.

ती तयारी मी कधी विसरणार नाही. वहीत त्यांनी चाकांची चित्रं काढली होती. पहार किती बोटं आत गेली तर काय करायचं, ते लिहिलं होतं. मग पाठ म्हणून दाखवायला त्या बांधावर उभ्या राहिल्या आणि मी समोर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो. त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं सुरुवात केली, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर..."

मला हसू आवरेना. "आक्का, इथं अध्यक्ष कुठला?"

"चौदा एप्रिलला सगळी असंच सुरू करत्यात की," त्या म्हणाल्या. "अध्यक्ष नसंल तर गाडीलाच म्हनू व्हय अध्यक्ष?"

मग आम्ही दोघंही हसलो. चार-पाच दिवसांत त्या अध्यक्षांशिवाय बोलायला लागल्या, आणि फार सुरेख बोलायला लागल्या. वर्गाची माहिती देणारा एक कागद मी छापून घेतला होता. त्यात माझ्या नावाखाली त्यांचं नाव होतं, आणि पुढं 'प्रशिक्षक'. तो कागद त्यांनी घरात दाराशेजारी चिकटवला. एका पवनचक्की कंपनीच्या माणसांचा वर्ग रविवारी मी घेणार होतो आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्याच कंपनीच्या दुसऱ्या तुकडीला आक्का शिकवणार होत्या. त्यांचा पहिला वर्ग.

आता तो पहिला रविवार.

सकाळी साडेसातला आक्कांचा फोन आला. "हवालदार, शेजारच्यानं रातच्याला उसाला पानी सोडलंय. लाईट रातचीच असती न्हवं. बांधाखालनं झिरपून आडव्या उताराला आलंय. वरनं दिसत न्हाय, पन पहार गपकन जातीय. तिथं लाल लावला बघ मी. ती वाट बंद."

"बरं," मी म्हणालो.

तेव्हा मी राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर होतो. कोल्हापूरकडून येणारे सहा जण दोन गाड्यांतून यायचे होते आणि नाक्यावर त्या दिवशी तपासणीची लांब रांग होती. त्यांना घेऊन मैदानावर पोहोचायला साडेदहा वाजले. बाकीचे आठ जण कंटाळून उभे होते. कंपनीचे सुरक्षा अधिकारी घड्याळ बघत होते. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. ते म्हणाले, "हवालदार, दोनला सगळं आटपायला हवं. आणि तो आडवा उतार मुख्य आहे. आमची माणसं पडतात ती तिथंच. तेवढं तरी नीट व्हायला हवं."

त्यांची मागणी चुकीची नव्हती. आडवा उतार म्हणजे गाडी चढणीवर तिरपी चालवायची, एका बाजूची चाकं वर, दुसऱ्या बाजूची खाली. खालच्या चाकाखालची जमीन खचली की गाडी कलंडते. म्हणूनच ते शिकायचं असतं, आणि म्हणूनच तिथली पायी फेरी कधी चुकवायची नसते.

मी दोन गोष्टी कापल्या. पायी फेरी कापली. आणि सुरुवातीच्या सूचना मराठीत आणि हिंदीत सांगितल्या, कन्नडचा भाग सोडला. कन्नड बोलणारा एकच होता, हुबळीकडचा शिवानंद. वाटलं, हिंदी कळत असेल त्याला.

मग "मी पुढं जाऊन बघून येतो" असं सांगून एकटाच जीप घेऊन उताराकडं गेलो. झेंडा दिसला. आक्का तेव्हा पार दुसऱ्या टोकाला, झाडाला पट्टा बांधत होत्या. मी जीपमधून उतरलो. दहा पावलांवरून जमीन बघितली. वर भेगा पडलेल्या, पांढरट, ठणठणीत सुकलेल्या. पहार गाडीतच होती. ती काढून टोचून बघायला एक मिनिट लागलं असतं.

मला वाटलं, आक्का जरा जास्तच काळजी करतात. मी हे बुटाच्या टाचेनं ओळखू शकतो. खरं सांगायचं तर त्याहून वाईट काहीतरी मनात होतं. पुढच्या रविवारी याच साहेबांसमोर त्या शिकवणार होत्या. आज त्यांनी बंद केलेल्या वाटेवरून मी गाड्या नेऊन दाखवल्या, तर मैदान कुणाचं आहे ते सगळ्यांना कळेल. हे तेव्हा एवढ्या स्वच्छ शब्दांत आलं नव्हतं. पण होतं. नंतर खूप वेळा तपासून बघितलंय, होतं.

झेंडा उपटला.

पहिल्या दोन गाड्या गेल्या. त्यांच्या वजनानं वरची भाकरी मोडली. तिसरी गाडी शिवानंदची. अगदी माणसाच्या चालीनं तो येत होता, माझ्या सांगण्याप्रमाणे, चुका न करता. मधोमध आल्यावर खालच्या बाजूचं पुढचं चाक शांतपणे आत गेलं. गाडी क्षणभर थांबली आणि मग सावकाश, झोपायला टेकावी तशी, ड्रायव्हरच्या बाजूला आडवी झाली. अशा वेळी माणूस नकळत हात बाहेर काढून जमिनीला टेकू बघतो. म्हणूनच पहिली सूचना असते, काहीही झालं तरी हात आत. 'कै ओळग इड्री'. हे तीन शब्द मी त्या दिवशी म्हटले नव्हते.

"अण्णा, कै मुरदैतरी!" असं तो आतून ओरडत होता. हात मोडला, म्हणत होता.

आक्का धावत आल्या. सगळ्यांत आधी त्यांनी पहार टोचत स्वतःचे पाय कुठं टाकायचे ते बघितलं आणि मग गाडीवर चढून त्याचा सीटबेल्ट सोडवला. आम्ही त्याला वरच्या दारातून काढलं. कोपराच्या वर हाड मोडलं होतं. दोघे जण त्याला घेऊन निपाणीच्या दवाखान्यात गेले.

मागं राहिलेले सगळे उतारावर उभे होते. साहेबांनी विचारलं, "ही जागा एवढी मऊ होती तर बंद का नव्हती? इथं लाल झेंडा का नाही?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आक्काही. झेंडा तिथून वीस पावलांवर, माझ्या सीटखाली होता.

मी म्हणालो, "झेंडे आक्का लावतात."

बस. एवढंच. वाक्य म्हणून ते खरंच होतं. ते खरं आहे, याच आधारावर मी पुढं चार वर्षं काढली.

आक्का म्हणाल्या, "मी लावला हुता. सकाळी फोनबी केला हुता."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "फोन आला होता. पण नाक्यावर गोंगाट होता, नीट ऐकू आलं नाही. झेंडा मला दिसला नाही."

तिथल्या जमावात माझ्या शब्दाला वजन होतं. फौजेतला हवालदार, वर्गाचा मालक. समोर डोक्याला टॉवेल बांधलेली, तंबाखूच्या शिवारात वाढलेली बाई. कुणाचं खरं धरलं जाईल हे मला बोलण्याआधीच माहीत होतं. ते माहीत होतं म्हणूनच तर बोलू शकलो.

ट्रॅक्टर आणून आक्कांनी आडवी गाडी उभी केली, उरलेले झेंडे गोळा केले आणि मोजून पेटीत ठेवले. मला ते मोजणं बघवलं नाही.

दोन दिवसांनी साहेबांचा निरोप आला. त्या बाई मैदानावर नकोत. वर्ग तुम्ही एकट्यानं, तांबड्या मातीतच घ्या. मी हो म्हणालो. आक्कांना फोन करून सांगितलं, "काही दिवस थांबूया. साहेब नको म्हणतात."

"बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमी झेंडा खरंच बघितला न्हाईसा?"

तोवर त्या मला कधीच 'तुमी' म्हणाल्या नव्हत्या.

"नाही, आक्का," मी म्हणालो.

त्यानंतर काळ्या मातीचा ट्रॅक बंद झाला. त्यावर पुन्हा बाभळी उगवल्या. त्यांच्या गावात लोक बोलायचे, बाईच्या चुकीनं एकाचा हात मोडला म्हणून. शिवानंद बरा झाला, पण कोपर पूर्ण वळत नाही. बायको एकदा म्हणाली, "आक्का हल्ली येत न्हाईत ओ." मी म्हणालो, ट्रॅक्टरची कामं जास्त असतात. मी मात्र शिकवत राहिलो. पायी फेरीचा नियम तीन भाषांत सांगत राहिलो, आणि सांगताना समोरच्यांच्या डोक्यावरून पलीकडं बघायची सवय लावून घेतली.

या वर्षी ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरांचा एक वर्ग ठरला. निपाणीकडचे ड्रायव्हर, त्यांना काळ्या मातीचंच शिकायचं होतं. तयारी म्हणून जीपचे सीटबेल्ट बदलायला पिरनवाडीतल्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं सीट उचकटून बाहेर काढली आणि खालून एक लाल गुंडाळी ओढली.

"हवालदार, ह्ये काय? फडकं हाय व्हय? पुसायला घेऊ?"

"नको," मी इतक्या जोरात ओरडलो की तो दचकला. त्यानं ते उलगडलं. "न्हाय ओ, झेंडा हाय. सात नंबर घातलाय बघा कुनीतरी. झकास टाका हाय."

तो झेंडा तिथं आहे हे मी कधी विसरलो नव्हतो. फेकून देता आला असता, तेही केलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. मिस्त्रीच्या हातात तो उलगडलेला बघितला आणि सरळ निपाणीचा रस्ता धरला.

आक्का अंगणात ट्रॅक्टरला ग्रीस देत होत्या. मी झेंडा मडगार्डवर ठेवला. ज्या मडगार्डवर बसून मी त्यांचा पाठ ऐकला होता, त्याच.

त्यांनी हात पुसले. कोपरा बघितला. "सात नंबर," त्या म्हणाल्या. "अकरा घरात हायत. ह्यो तुमच्यापाशी हाय ह्ये मला त्याच दिशी कळलं हुतं."

"कसं?"

"मोडल्याली काठी बांधाखाली गावली. बैल काय काठी गुडघ्यावर मोडत न्हाय, हवालदार."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत.

"बोलले की. झेंडा लावला हुता म्हनून सांगितलं की सगळ्यांच्यापुढं. त्याच्यावर तुमी न्हाय म्हनलासा. फुडं काय बोलायचं?"

मी माफीचे शब्द गाडीत जुळवत आलो होतो. ते सुरू केले तसा त्यांनी ग्रीसचा हात वर केला.

"हितं नको. ट्रॅक्टरला ऐकवून काय करू? जिथं बोललासा तिथं बोला. ज्यांच्यापुढं बोललासा, त्यांच्यापुढं बोला."

"बोलतो," मी म्हणालो. मग धीर करून विचारलं, "आक्का, हा ॲम्ब्युलन्सवाल्यांचा वर्ग तुम्ही घ्याल? वही आहे अजून?"

"वही रद्दीत गेली," त्या म्हणाल्या. दाराशेजारची भिंतही मी बघितली. कागद नव्हता, चिकटवलेल्या चार कोपऱ्यांचे डाग होते. "शिकवायचं मन न्हाय आता माझं. वाट तेवढी बघून देते. नायतर तुमी परत कुनालातरी पाडशीला."

त्या दिवसाची सगळी नावं माझ्याकडं होती. एकेकाला फोन केला. साहेब म्हणाले, "आता कशाला उकरून काढताय? ती फाईल बंद झाली."

"तुमची झाली, साहेब. आक्कांची नाही झाली."

ते म्हणाले, "तुम्ही हे सगळ्यांसमोर बोललात तर आम्हाला तुम्हाला वर्ग देता येणार नाहीत."

"देऊ नका," मी म्हणालो. "पण या."

ॲम्ब्युलन्सच्या वर्गाच्या दिवशी सकाळी आठला मी काळ्या मातीच्या त्या उतारावर उभा होतो. त्या रविवारच्या चौदांपैकी नऊ जण आले. न येऊ शकणाऱ्या पाच जणांना मी आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं. शिवानंद हुबळीहून बसनं आला. साहेब आले, थोडे लांब उभे राहिले. ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर काय चाललंय ते न कळून एकमेकांकडं बघत होते. गावातलेही काही जण बांधावर येऊन थांबले.

आक्का पहार टोचत उताराच्या खालून वर येत होत्या. दर चार पावलांवर थांबायच्या, दाबायच्या, बघायच्या. कुणीही घाई केली नाही. वर आल्यावर त्यांनी पहार मातीत रोवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हं. बोला."

मी आधी शिवानंदला त्याच्या भाषेत सांगितलं, की हात आत ठेवायचं मी तुला सांगितलं नव्हतं, ती चूक माझी, मला क्षमा कर. त्यानं त्याच न वळणाऱ्या हातानं माझा खांदा दाबला. मग मी खिशातून झेंडा काढला, सगळ्यांना सात हा आकडा दिसेल असा दोन्ही हातांनी धरला, आणि या वेळी कुणाच्याही डोक्यावरून पलीकडं न बघता बोललो.

"चार वर्षांपूर्वी इथं उभं राहून मी म्हणालो होतो, झेंडे आक्का लावतात. त्या दिवशीही आक्कांनी झेंडा लावला होता. सकाळी, पहार टोचून, बरोबर या जागी. फोन करून मला सांगितलंही होतं, आणि मला ते नीट ऐकू आलं होतं. झेंडा मी उपटला. मी लपवला. शिवानंदचा हात माझ्यामुळं मोडला, आणि नाव मी आक्कांचं घेतलं. आक्का, मी तुमच्यासमोर खोटं बोललो आणि तुमचा वर्ग तुमच्याकडून काढून घेतला. तो मला परत देता येत नाही. मला माफ करा."